चीक, खरवस आणि प्रतिपिंडे

शंका (गुहागर): गाईच्या चिकापासून केलेल्या भुकटीच्या डब्यावरचा मजकूर मी मराठीत लिहीत आहे. ‘खरवसातील प्रतिजैविके रोगप्रतिकारशक्ती वाढवतात’ हे वाक्य योग्य ठरेल का?

उत्तर (देवगड): प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक औषध, आपल्याला प्रतिपिंड किंवा प्रतिद्रव्य (अँटिबॉडी, म्हणजे जंतूंना धरणारे प्रथिन) म्हणायचे आहे. खरी अडचण ‘खरवस’ या शब्दाची आहे. गाय व्याल्यावर पहिल्या एकदोन दिवसांत येणारे दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक, आणि त्यात दूध, गूळ, वेलची घालून वाफेवर उकडतात तो खरवस. वासराला गर्भात आईची प्रतिपिंडे मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळवावी लागतात. चांगल्या चिकात लिटरमागे ५० ग्रॅमहून अधिक आयजीजी (चिकातील प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार) असते आणि वासराच्या आतड्यातून ते रक्तात शिरण्याची वाट साधारण २४ तासांत बंद होते. हीच प्रथिने ६० अंश सेल्सिअसच्या आसपास बरीचशी तग धरतात, पण उकळत्या वाफेवर त्यांची रचना मोडते आणि ती एकमेकांत गुंतून घट्ट होतात. सुरी लावताच खरवसाची स्वच्छ वडी सुटते ती त्यामुळेच. म्हणजे खरवस जमला, तेव्हा प्रतिपिंडे कामातून गेली. (पोषण उरते, आणि चवीबद्दल तर वादच नाही.) भुकटी कमी तापमानावर वाळवतात, ती याच कारणासाठी.

शंका: मग नुसते ‘चीक’ लिहू का?

उत्तर (वेंगुर्ले): ‘गाईचा चीक’ असेच लिहावे. आपल्याकडे नुसता चीक म्हटले की हाताला खोबरेल चोपडून फणस फोडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि घाटावर कुरडयांचा गहू. मला मात्र ‘वाढवतात’ हे क्रियापद अधिक खटकते. मोठ्या माणसाच्या आतड्यातून ही प्रतिपिंडे अखंड रक्तात जात नाहीत. काही पचून जातात, उरलेली आतड्यातच जंतूंना धरतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, लस टोचलेल्या गाईंच्या दुधातून काढलेल्या प्रतिपिंडांनी स्वयंसेवकांना ई. कोलायच्या एका प्रकाराने होणाऱ्या जुलाबांपासून वाचवले; पण तो निष्कर्ष त्या जंतूपुरता आहे, सर्दीखोकल्याला लावता येणार नाही. ‘गाईच्या चिकातील प्रतिपिंडे आतड्यातील काही जंतूंना अटकाव करण्यास साहाय्य करू शकतात’ इतकेच लिहावे, आणि दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठीची सूचना त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी.