गणित कच्चं असलं तरी चालेल

'माझं गणित कच्चं, मी मेंटॉर होऊन काय शिकवणार?' या तुमच्या शंकेबद्दल थोडं सांगतो. मेंटॉर म्हणजे शाळेतल्या एखाद्या मुलाला नेमाने भेटून साथ देणारा मोठा माणूस; शिकवायला शिक्षक आहेतच. वर्षभर नेमाने जाणं जमेल का, तेवढं आधी बघा. अमेरिकेत ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांच्या २००२ सालच्या अभ्यासात, वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या मेंटॉर-मुलाच्या जोड्यांतल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत साथ सुटली त्या मुलांचा आत्मविश्वास उलट खालावला. म्हणजे 'बघू, जमेल तसं' म्हणणाऱ्यांनी न गेलेलंच बरं, असं माझं स्पष्ट मत.

सुरुवातीला मुलं 'हो', 'नाही', 'माहीत नाही' यापलीकडे जात नाहीत. समोर बसवून प्रश्न विचारले की तोंडी परीक्षाच होते ती! त्यापेक्षा शेजारी बसा, हातात काहीतरी उद्योग असू द्या. माझ्याकडच्या मुलाबरोबर मी एक बंद पडलेलं गजराचं घड्याळ खोलत होतो. स्क्रू वेगळे करता करता, मान वर न करता तो म्हणाला, "फळ्यावरचं नीट दिसत नाही मला." तोवर सगळे त्याला आळशी म्हणत होते. (घड्याळ अजून बंदच आहे.)

'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला तर शाळेला सांगावंच लागतं, आणि हे त्याला पहिल्याच भेटीत माहीत हवं. शाळेत नेमकं कुणाला सांगायचं, तेही रुजू होण्याआधी विचारून घ्या.