रोलरकोस्टर टायकून धंदा शिकवतो की गिऱ्हाईक पिळायला?

कृष्णाकाठ (सांगली):
दहावीची परीक्षा संपल्यापासून धाकटा भाऊ दिवसभर रोलरकोस्टर टायकून क्लासिक खेळतोय, म्हणजे पाळण्या-राइडचा पार्क बांधून चालवायचा कॉम्प्युटर गेम. आई ओरडते, मी त्याची बाजू घेतो. मूळ गेम १९९९ चा. ख्रिस सॉयर यांनी तो जवळपास सगळा असेंब्ली भाषेत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिला, म्हणून तेव्हाच्या साध्या पीसीवरही पार्कात शेकडो पाहुणे (गेममधली गिऱ्हाइकं) चालायचे आणि प्रत्येकाची भूक, तहान, मळमळ, खिशातले पैसे वेगळे असायचे. फॉरेस्ट फ्रंटियर्स या पहिल्याच टप्प्यात पहिल्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर २५० पाहुणे आणि ६०० पार्क रेटिंग (पार्कला मिळणारे गुण) लागतं. तिकीट किती ठेवायचं, कर्ज कधी फेडायचं, सफाईवाले किती लावायचे, हे पोराला दुसरं कोण शिकवतं?

पाळणेवाला (तासगाव):
दादा, याला मी धंदा म्हणणार नाही. आमच्या घरात जत्रेत पाळणे लावायचं काम आजोबांपासून चालत आलंय. त्या गेममध्ये पाऊस लागला की छत्रीचा भाव चढवायचा, पाहुणे निमूट घेतात. १९९४ च्या थीम पार्क नावाच्या गेममध्ये फ्राइजवर मीठ वाढवायचं, म्हणजे शेजारी कोल्ड्रिंक जास्त खपतं. आमच्याकडे तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पोराबाळांना घेऊन परत येतं. एकदा फसवलं तर गावभर होतं.
आणि सगळ्यात खटकतं ते अपघाताचं. राइड कोसळली की ती पाडायची, तशीच नवी बांधायची, पाहुणे परत रांगेत. माझे वडील पाळणा फिरवायच्या आधी एकेक पिन हाताने हलवून बघतात. ग्रीसने काळा झालेला हात लेंग्याला पुसतात आणि पुढच्या पिनेकडे जातात. हे काम त्यांनी आजवर गड्यावर सोडलेलं नाही.

अजिंक्यतारा (सातारा):
पाळणेवाले भाऊ, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण तपासणी गेममध्येही आहे. मेकॅनिकने किती मिनिटांनी राइड बघायची ते आपणच ठरवतो. हयगय केली की ब्रेक निकामी होतात. मला तर गर्दी कशी वाहते हे त्यातच कळलं. वाट अरुंद केली की पाहुणे लगेच कुरकुरतात.

पाळणेवाला (तासगाव):
कुरकुरतात, चेंगरत नाहीत. तुमच्याच जिल्ह्यात २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून जास्त माणसं दगावली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि चिंचोळी वाट. तेव्हापासून आमच्या घरी जागा ठरवताना आधी माणसं बाहेर कुठून पडतील ते बघतात, पाळणा नंतर. असं बघायला लावणारा गेम असेल तर सांगा, मीच माझ्या पोराला घेऊन देतो.

विटेकर:
जवळ जाणारा पार्किटेक्ट आहे, २०१८ चा. त्यात माल गोदामातून दुकानापर्यंत माणसं वाहून नेतात, त्यांची वाट वेगळी काढावी लागते. प्लॅनेट कोस्टर हा असाच दुसरा गेम दिसायला देखणा, पण माझा सगळा वेळ सजावटीतच जातो.

कृष्णाकाठ (सांगली):
मांढरदेवीचं वाचून थांबलो. तरी गेम बंद करा असं मी भावाला सांगणार नाही, हिशेबाची गोडी त्याला तिथेच लागली. पण छत्रीच्या भावाबद्दल आज त्याच्याशी बोलतो. रथोत्सवाला तासगावात पाळणा लावणार का? पिना तपासतात तेव्हा त्याला आणायचंय.

पाळणेवाला (तासगाव):
लावणार. सकाळी सातच्या आत या, वडील त्याच वेळी बघतात. जुने कपडे घालून आणा त्याला.