घरचा ग्रुप: माईचा फ्रान्सचा कागद

छोटू (पुणे), सकाळी 8:12
दादा, सरळ विचारतो. माई तुमच्याकडे राहणार असं लिहून देणारा तो तिकडच्या ग्रामपंचायतीचा कागद कुठे अडकलाय? 24 तारखेला माईची व्हिसाची अपॉइंटमेंट आहे. ओरिजिनल लागतं, फोटो चालत नाही. इन्शुरन्स मी काढून ठेवलाय, 30,000 युरोच्या कव्हरचा. मागच्या वर्षीसारखं ऐनवेळी तिकीट रद्द करायला लावू नकोस.

ताई (नाशिक)
अरे, तिकडे पहाटेचे पावणेचार वाजलेत. उठू तर दे त्याला.

छोटू (पुणे)
उठल्यावर वाचेल. चार दिवस विचारतोय.

आत्या (डोंबिवली)
कागदाचं राहू दे. तिथून डॉक्टर किती लांब आहे, एवढंच मला सांगा.

बाळूकाका
🌹 शुभ सकाळ. आईवडिलांचे आशीर्वाद हीच खरी श्रीमंती 🌹

मामा (सोलापूर)
बाळूकाका, आज जरा वातावरण तापलंय. फुलं संध्याकाळी पाठवा.

वहिनी (फ्रान्स), दुपारी 12:50
नमस्कार सगळ्यांना. मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवून आत्ता फोन हातात घेतला. भाऊजी, कागद झालेला नाही हे खरं आहे, पण आम्ही चालढकल केलेली नाही. इथली मेरी, म्हणजे ग्रामपंचायतीची कचेरी, एक खोली आणि एक सेक्रेटरी बाई एवढीच. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळीच उघडते. मागच्या शुक्रवारी वादळाने वीज गेली आणि ती बंदच राहिली. फॉर्म भरलाय, 30 युरोचा स्टॅम्प घेतलाय, घराचे आणि पगाराचे कागद जोडलेत. उद्या मेयरची सही, आणि त्याच दुपारी कुरिअर.

छोटू (पुणे)
लियॉंला होतात तेव्हा असलं काही नव्हतं. ट्रेन होती, दवाखाना होता, समोर दुकान होतं. तिथला फ्लॅट सोडून रानात जायचं तुम्ही ठरवलंत, धावपळ आमची.

वहिनी (फ्रान्स)
रान नाही हो, गाव आहे.

आत्या (डोंबिवली)
डॉक्टर किती लांब आहे?

दादा (फ्रान्स)
आत्या, लपवत नाही. गावात डॉक्टर नाही. 12 किलोमीटरवर एक आहेत, पण नवे पेशंट घेत नाहीत. आमच्या क्रझ जिल्ह्यात सगळीकडे हीच रड आहे. पण 15 नंबर फिरवला की लगेच डॉक्टरच्या सल्ल्याने पुढचं ठरतं आणि गाडी निघते. गेरे शहरातलं मोठं हॉस्पिटल गाडीने 35 मिनिटांवर. शिवाय समोरच्या शेतकऱ्याचा मुलगा पाँपिये आहे, म्हणजे फायर ब्रिगेडचा जवान, तोही स्वयंसेवक. फ्रान्समधले दहातले जवळजवळ आठ पाँपिये असे आपापला धंदा सांभाळून धावणारे असतात. आमच्या धाकट्याला रात्री ताप चढून झटका आला तेव्हा ॲम्ब्युलन्सच्या आधी तोच दारात होता.

आत्या (डोंबिवली)
म्हणजे डॉक्टर नाहीच.

ताई (नाशिक)
आत्या, त्याने सांगितलं ना सगळं.

आत्या (डोंबिवली)
माईवहिनीला बीपी आहे. ऑक्टोबरात बाथरूममध्ये पडली ती विसरलात का? म्हणून विचारते.

छोटू (पुणे)
विसरायला काय झालं? रात्री दोन वाजता उचललं कोणी? आम्ही दोघांनीच. ग्रुपवर मात्र सगळे "काळजी घ्या" टाकून झोपले.

मामा (सोलापूर)
असू दे रे. माईच्या तब्येतीपेक्षा मला तिथल्या कोंबड्याची काळजी आहे. ही लहानपणी वाड्यातल्या कोंबड्याला चप्पल मारायची.

वहिनी (फ्रान्स)
मामा, इथे तसं चालायचं नाही! 2019 मध्ये ओलेरों बेटावरच्या मोरीस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी केस केली होती, पहाटे आरवतो म्हणून. कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. आणि 2021 मध्ये कायदाच आला, की खेड्यातले आवाज आणि वास हा देशाचा ठेवा आहे. चर्चच्या घंटा, गाईंचा वास, सगळंच त्यात येतं.

मामा (सोलापूर)
मग हा कायदा आमच्या सोसायटीतल्या स्पीकरला लावू नका म्हणजे झालं.

बाळूकाका
कोंबडा कोणाचा? कोर्ट कोणतं? नीट सांगा कोणीतरी.

आत्या (डोंबिवली)
मुद्दा डॉक्टरचा आहे. कोंबड्याचा नाही.

ताई (नाशिक)
माई तूप आणि पेढे घेऊन यायचं म्हणतेय. चालेल ना?

वहिनी (फ्रान्स)
नाही ताई. दूध, तूप, खवा, मांस, काहीच बाहेरून आणता येत नाही, एअरपोर्टवर काढून घेतात. कढीपत्ताही नाही. नारळ चालतो, ताज्या फळांत केळी, अननस, खजूर असल्या थोड्याच गोष्टींना सूट आहे. भाकरीचं पीठ आणि गोडा मसाला मात्र भरपूर द्या. तुपाची काळजी नको, इथलं लोणी कढवलं की रवाळ तूप होतं. आणि बीपीच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी हवी, औषधाचं मूळ नाव लिहिलेली.

छोटू (पुणे)
गोळ्या रोज आम्हीच देतो वहिनी. नावं माहीत आहेत.

वहिनी (फ्रान्स)
माहीत आहे भाऊजी. तुम्ही दोघं किती करता ते मी माईंकडून रोज ऐकते. तसं म्हणायचं नव्हतं मला.

दादा (फ्रान्स)
आत्या, वादळाच्या वेळचं सांगतो, म्हणजे गाव कसं आहे ते कळेल. दोन दिवस वीज नव्हती. आमची लाकडं संपत आली होती. इथे लाकूड स्टेरमध्ये मोजतात, एक मीटर लांब-रुंद-उंच रचलेला ढीग म्हणजे एक स्टेर. सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला. समोरचे आजोबा, वय 81, एक स्टेर लाकूड उतरवून अंगणात रचत होते. आत या म्हटलं तर बुटांना चिखल आहे म्हणून उंबऱ्यातच उभे राहिले. पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाले, तुमची आई येणार आहे ना, तिची खोली दक्षिणेकडची ठेवा, तिथे ऊन येतं.

ताई (नाशिक)
किती छान.

दादा (फ्रान्स)
सगळ्या जिल्ह्यात सव्वा लाखसुद्धा माणसं नाहीत. एकोणिसाव्या शतकात इथले गवंडी चालत पॅरिसला जायचे, शहर बांधायला. हिवाळ्यात परत यायचे, पुढे यायचेच बंद झाले. गल्लीत निम्म्या घरांना कुलपं आहेत. आपल्या कोकणासारखंच, मुंबईला गेलेले परत आले नाहीत. म्हणून कोणी घर दुरुस्त करून राहायला आलं की या लोकांना फार बरं वाटतं.

आत्या (डोंबिवली), दुपारी 3:05
कोकणाचं नाव काढलंस म्हणून बोलते. आपल्या घराची मागची भिंत गेल्या पावसात बसली. ओटीवर गवत आलंय. मी दरवर्षी सांगते, वर्गणी काढा. तू तिकडच्या परक्या पडक्या घरावर छप्पर घातलंस. बापाच्या घराला एक कौल नाही.

छोटू (पुणे)
हा मेसेज डिलीट केला आहे.

मामा (सोलापूर)
जेवणं झाली का सगळ्यांची?

दादा (फ्रान्स), दुपारी 3:41
आत्या, बरोबर आहे तुझं. मला उत्तर नाही. हे घर पुण्यातल्या वन बीएचकेच्या किमतीत मिळालं, काम घरून होतं, मुलांना मोकळं वाढवायचं होतं. गावच्या घराचा विचार केला नाही असं नाही. धाडस झालं नाही. सुतार आणि गवंड्याला विचारून भिंतीचा आकडा सांग, पहिली रक्कम मी पाठवतो.

आत्या (डोंबिवली)
पैसे सगळे पाठवतात. उभं कोण राहणार?

बाळूकाका
मी राहीन. रिटायर आहे. पण आधी त्या कोंबड्याचं सांगा.

ताई (नाशिक)
बाळूकाका 😄

छोटू (पुणे)
दादा, शुक्रवारी सही झाली की लगेच कुरिअरचा नंबर टाक. आणि माईला संध्याकाळी एकटी फिरायला पाठवू नकोस, तिकडे शिकारी असतात असं तूच सांगितलं होतंस.

दादा (फ्रान्स)
मोठा हंगाम फेब्रुवारीअखेर संपतो, माई एप्रिलमध्ये येतेय. तरी नारिंगी जॅकेट आणून ठेवलंय तिच्यासाठी.

आत्या (डोंबिवली)
आणि डॉक्टर?

माई, दुपारी 4:20
मी सगळं वाचलं. हळू टाइप करते. मला जायचं आहे. नातू फोनवर फ्रेंचमध्ये आजी हाक मारतो, त्याला मराठीत मारायला शिकवायची आहे. 90 दिवसांत होईल. वन्सं, तुम्ही माझी काळजी करता ते कळतं. भिंतीचं मी आल्यावर तुमच्याबरोबर गावाला येऊन बघते. बाळूभाऊजी, कोंबडा जिंकला. छोटू, दोन नारळ आण, सोललेले.

छोटू (पुणे)
आणतो.

वहिनी (फ्रान्स), शुक्रवार, दुपारी 3:10
सही झाली. मेयर स्वतः शिक्का मारून म्हणाले, मादाम आल्या की मेरीत कॉफीला घेऊन या. कुरिअरचा नंबर पाठवते.

आत्या (डोंबिवली)
बरं. त्या पाँपिये मुलाचा फोन नंबर मला पण पाठव.