मदत हवी आहे: मागे राहिलेल्या खालच्या जबड्यासाठी ट्विन ब्लॉक की बायोनेटर?

नमस्कार. माझी मुलगी साडेअकरा वर्षांची आहे. तिच्या वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले आडवे अंतर ९ मिलिमीटर भरते. एरवी ते २ ते ३ मिलिमीटर असते. चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, म्हणजे लॅटरल सेफॅलोग्राम, पाहून दोन ऑर्थोडॉन्टिस्टांनी (वेडेवाकडे दात व जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या दंतवैद्यांनी) सांगितले की वरचा जबडा जागेवर आहे आणि खालचा मागे राहिला आहे. मानेच्या मणक्यांच्या आकारावरून वाढीचा वेगवान टप्पा आता सुरू होत असल्याचेही दोघांना मान्य आहे, त्यामुळे फार काळ विचार करत बसता येणार नाही. मतभेद आहे तो उपकरणाबद्दल. एकांनी ट्विन ब्लॉक सुचवला, तर दुसऱ्यांनी बायोनेटर.

माझी समजूत अशी आहे, चुकत असल्यास जाणकारांनी सुधारावे. बायोनेटर हे ॲक्रिलिक आणि तारेचे एकसंध उपकरण असून ते दोन्ही जबड्यांना एकत्र धरते आणि खालचा जबडा पुढे ठेवते. ते तोंडात असताना जेवता येत नाही व नीट बोलताही येत नाही, म्हणून शाळेत ते काढून ठेवावे लागेल. ट्विन ब्लॉक स्कॉटलंडमध्ये विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली विकसित केला. त्यात वरची आणि खालची अशा दोन सुट्या प्लेट असतात. त्यांवरचे ठोकळे सुमारे ७० अंशांच्या उतारावर एकमेकांना टेकतात आणि तोंड मिटताना खालचा जबडा आपोआप पुढे सरकतो. जेवतानाही तो तोंडातच ठेवावा, अशी मूळ कल्पना आहे. वरच्या दातांची कमान अरुंद असेल तर त्याच प्लेटमध्ये रुंदीकरणाचा स्क्रूही बसवता येतो, आणि माझ्या मुलीच्या बाबतीत त्याची गरज पडेल असे दिसते. या एका मुद्द्यामुळे माझा कल ट्विन ब्लॉककडे आहे.

ही उपकरणे जबडा ‘वाढवून देतात’ असे दवाखान्यात ठामपणे सांगितले जाते, पण वाचनात आलेले चित्र अधिक सावध आहे: अंतर भरून निघते ते बऱ्याच अंशी वरचे दात मागे आणि खालचे दात पुढे कलल्यामुळे, आणि हाडातला बदल त्या मानाने थोडा असतो. मुलीचे खालचे पुढचे दात आधीच किंचित पुढे झुकलेले आहेत. ते आणखी कलू नयेत म्हणून खालच्या प्लेटमध्ये नेमके काय करतात, आणि त्याचा कितपत उपयोग होतो?

दुसरी चिंता उपकरण प्रत्यक्ष घातले जाण्याची आहे, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. केव्हिन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ब्रिटनमधील चाचणीत ट्विन ब्लॉक घेतलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांनी उपचार पूर्ण केले नाहीत. दातांना पक्के बसवलेल्या हर्ब्स्ट उपकरणाच्या गटात हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. ज्यांनी उपचार पूर्ण केले, त्यांच्या अंतिम परिणामात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. हर्ब्स्ट दुरुस्तीसाठी अधिक वेळा दवाखान्यात न्यावे लागते, आणि आमच्या गावापासून ऑर्थोडॉन्टिस्ट बराच दूर असल्याने तो पर्याय तूर्त बाजूला ठेवला आहे. २०१९ सालच्या आणखी एका चाचणीत ट्विन ब्लॉक दिवसाला १२ तास आणि २२ तास घालण्याची तुलना केली होती, व दोन्ही गटांत दातांमधले अंतर सारखेच कमी झाले. तसे असेल, तर शाळेत ट्विन ब्लॉक काढून ठेवण्याची मुभा मुलीला द्यावी का? डॉक्टर याला तयार नाहीत. एकदा काढायची सवय लागली की रात्रीही तो डबीतच राहतो, असे ते म्हणतात, आणि ते अगदीच अनाठायी वाटत नाही.

ज्यांच्या मुलांनी यांपैकी एखादे उपकरण पूर्ण काळ वापरले आहे, त्यांनी कृपया कळवावे की बोलणे किती दिवसांत सुरळीत झाले, जेवताना ट्विन ब्लॉक खरोखर तोंडात ठेवता आला का, आणि ठोकळ्यांमुळे दाढांमध्ये पडणारी फट उपचाराच्या शेवटी आपोआप भरली की त्यासाठी तारा लावाव्या लागल्या. येथे कोणी ऑर्थोडॉन्टिस्ट असतील, तर पुढे झुकलेल्या खालच्या दातांविषयीचा प्रश्न त्यांनी आधी घ्यावा, कारण मापे देण्यापूर्वी आम्हाला त्याचेच उत्तर हवे आहे.