स्वतःच्या वापरासाठी जुने विमान घ्यायचे आहे. कर्ज देणारी संस्था कशी शोधावी?

चौथे आसन :

नमस्कार. माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे आणि आजवर माझे एकूण १९० तासांचे उड्डाण झाले आहे. इतके दिवस क्लबचे विमान तासाच्या भाड्याने घेऊन उडवत आलो; आता मात्र वापरलेले, एका पिस्टन इंजिनाचे, चार आसनी विमान स्वतःच्या नावावर घ्यावे असे मनाने घेतले आहे. पाहून ठेवलेले विमान १९७५ सालचे सेस्ना १७२ असून त्याचे इंजिन मागच्या ओव्हरहॉलनंतर (म्हणजे पूर्ण खोलून केलेल्या दुरुस्तीनंतर) १२५० तास चालले आहे. किमतीच्या सुमारे ३० टक्के रक्कम मी साठवली आहे. उरलेल्या रकमेसाठी कर्ज हवे आहे.

अडचण अशी, की ज्या बँकेत माझे पगाराचे खाते आहे आणि जिच्या गृहकर्जाचा एकही हप्ता मी कधी चुकवलेला नाही, तिथल्या अधिकाऱ्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, पण अर्जातल्या ‘वाहनाचा प्रकार’ या रकान्यापाशी त्यांचे पेन थबकले आणि शेवटी विमान तारण म्हणून घेता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. विनातारण वैयक्तिक कर्ज द्यायला ते तयार आहेत, मात्र त्याचा व्याजदर बराच जास्त आणि मुदत जेमतेम पाच वर्षांची आहे. घरावर वाढीव कर्ज घेण्याचा पर्यायही त्यांनी सुचवला. विमानावर कर्ज देणारे नेमके कोण असतात, त्यांच्यापर्यंत कसे पोहोचावे आणि ते काय पाहतात, हे ज्यांनी स्वतः अनुभवले आहे त्यांनी सविस्तर सांगितल्यास मी आभारी राहीन.

ताळेबंद :

यंत्रसामग्री आणि विमाने तारण ठेवून दिल्या जाणाऱ्या कर्जांची छाननी करण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बँकेचा नकार हा आपल्या आर्थिक विश्वासार्हतेवरचा शेरा नाही. हप्ते थकले तर वस्तू ताब्यात घेणे, तिची किंमत ठरवणे आणि ती विकणे या तीन गोष्टी ज्याला जमतात, तोच त्या वस्तूवर कर्ज देतो. घराच्या बाबतीत हे कोणत्याही शाखेला जमते. विमानाच्या बाबतीत मात्र ते कुठे उभे आहे, त्याची उड्डाणयोग्यता कायम आहे का आणि त्याच्या इंजिनात किती आयुष्य शिल्लक आहे, हे समजणारा माणूस शाखेत नसतो. त्यामुळे दहा शाखांचे उंबरठे झिजवण्यापेक्षा ज्या संस्थेत विमानकर्जांचा वेगळा विभाग आहे, अशी एखादीच संस्था गाठणे शहाणपणाचे ठरेल.

अशा संस्थांची नावे मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे आपल्याच विमानतळावरच्या नोंदणीकृत विमानांवर कोणाकोणाच्या कर्जाचा बोजा चढलेला आहे, हे पाहणे. हँगरमधल्या मालकांना विचारा, विमानांची देखभाल करणाऱ्या अभियंत्याला विचारा, वापरलेल्या विमानांच्या विक्रीत असलेल्या दलालाला विचारा. केवळ विमानकर्जांचीच दलाली करणारे मध्यस्थही असतात. ते एकच अर्ज अनेक धनकोंपुढे, म्हणजे कर्ज देणाऱ्यांपुढे, ठेवतात, मात्र त्यांचे शुल्क कोण देणार आणि ते व्याजदरात मिसळलेले आहे का, हे आधी लेखी घ्यावे. विमान बनवणाऱ्या कंपन्यांमार्फत मिळणारे कर्ज बहुधा नव्या विमानासाठी असते, तेव्हा आपल्यासाठी तो रस्ता नाही.

आता ते काय पाहतात. आपले उत्पन्न, चालू हप्ते आणि डाउन पेमेंट भरल्यानंतर हातात उरणारी रोकड हे तर पाहतातच. तुमच्या ३० टक्क्यांतले सगळेच डाउन पेमेंटमध्ये घालू नका असे मी म्हणेन, कारण पहिल्या वार्षिक तपासणीच्या बिलाला रोकड शिल्लक नसलेला कर्जदार धनकोला नको असतो. परंतु या कर्जात विमानाची परीक्षा माणसापेक्षा कडक असते. सेस्ना १७२ ही आपली जमेची बाजू आहे. १९५५ साली पहिले उड्डाण केलेल्या या प्रकाराची ४४,००० पेक्षा जास्त विमाने बनली आहेत, त्यामुळे तिचा बाजारभाव जगजाहीर आहे आणि तिला गिऱ्हाईक मिळते. घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानाला किंवा मोजक्याच संख्येत बनलेल्या प्रकाराला धनको क्वचितच सापडतो, ते याच कारणाने. वय ही उणी बाजू खरी, पण १९८६ मध्ये थांबलेले १७२ चे उत्पादन थेट १९९६ मध्ये पुन्हा सुरू झाले, त्यामुळे विक्रीला येणाऱ्या १७२ विमानांत जुन्यांची संख्या मोठी आहे आणि या क्षेत्रातला धनको नुसते सालाचे नाव ऐकून पाठ फिरवत नाही. मात्र मुदत कमी करतो आणि डाउन पेमेंट वाढवून मागतो.

इंजिनाचे १२५० तास हा खरा मुद्दा आहे. या विमानातल्या लायकमिंग इंजिनाची शिफारस केलेली ओव्हरहॉल मर्यादा २००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी असते. आपण वर्षाला १०० तास उडालात तर साडेसात वर्षांत तासांची मर्यादा गाठाल, आणि मागचे ओव्हरहॉल कधी झाले त्यावरून वर्षांची मर्यादा कदाचित त्याआधीच येईल. म्हणजे १५ वर्षांचे कर्ज घेतले, तर ओव्हरहॉलचा खर्च बरोबर कर्जाच्या मध्यावर येऊन उभा राहतो. खासगी उड्डाणासाठी ही मर्यादा अनेक ठिकाणी केवळ शिफारस असते, परंतु मूल्यांकन करणारा ती धरूनच किंमत कापतो. दर तासामागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकण्याची आपली योजना अर्जासोबत जोडलीत, तर छाननी करणाऱ्याचे मत अनुकूल होते, हे मी खुर्चीच्या त्या बाजूने सांगतो.

मुदतीबद्दल एक हिशेब मांडतो. कर्ज १०० मानले आणि व्याजदर ९ टक्के स्थिर धरला, तर १० वर्षांत एकूण सुमारे १५२ फेडावे लागतात, १५ वर्षांत सुमारे १८३ आणि २० वर्षांत सुमारे २१६. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाच वर्षांनी विमान विकायची वेळ आली, तर १० वर्षांच्या कर्जात मुद्दल ६१ उरलेले असते, १५ वर्षांच्या कर्जात ८० आणि २० वर्षांच्या कर्जात जवळजवळ ८९. जुन्या विमानाच्या इंजिनावर ते पाच वर्षांचे तास चढलेले असतात, तेव्हा लांब मुदतीत देणे विमानाच्या किमतीच्या वर जाण्याचा धोका असतो. लांब मुदत घ्यायचीच असेल, तर मुदतपूर्व फेडीवर दंड नाही, हे करारात वाचून घ्या.

घरावर वाढीव कर्ज घेतल्यास व्याज कमी पडते आणि विमानाचे कागद कोणी तपासत नाही. मला त्यातली ही दुसरी गोष्टच खटकते, कारण ती तपासणी खरेदीदाराच्याही हिताची असते; शिवाय छंदासाठी राहते घर गुंतवणे मला व्यक्तिशः पटत नाही.

टॅकवरचे तास :

वरचा सल्ला अगदी योग्य आहे, आणि कागद तपासण्याच्या मुद्द्यावर माझा अनुभव जोडावासा वाटतो. मी घेतलेले पायपर चेरोकी दिसायला देखणे होते. रंग ताजा, आसनांचे कापड नवे. कर्ज तत्त्वतः मंजूर झाले होते. धनकोच्या मूल्यांककाने इंजिनाचे लॉगबुक मागितले, तेव्हा एका पानावर टॅकोमीटरची, म्हणजे इंजिनाचे तास मोजणाऱ्या मीटरची, नोंद १८४० तास होती आणि त्याच्या पुढच्याच नोंदीत ती १२ तास होती. मधल्या काळात टॅकोमीटर बदलला होता, पण बदलल्याची नोंद, जुन्या मीटरवरचे शेवटचे तास आणि तंत्रज्ञाची सही यांतले काहीही त्या पानावर नव्हते. विक्रेत्याने तोंडी सांगितले, की सगळे व्यवस्थित आहे. मूल्यांककाने एकूण तास ‘अनिश्चित’ असे लिहिले आणि मंजूर रक्कम एवढी खाली आली, की व्यवहार दोन महिने लोंबकळला. शेवटी ज्या कार्यशाळेत मीटर बदलला होता, तिथली जुनी कामाची पावती सापडली आणि त्यावरचे तास जुळल्यावर प्रकरण पुढे सरकले.

तेव्हा विमान पाहायला जाल त्या दिवशी रंगाकडे पाहण्याआधी एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इंजिन आणि प्रोपेलर यांची तिन्ही लॉगबुके पहिल्या पानापासून वाचा. सलगपणा कुठे तुटतो, ते पाहा. वर्षभरात दोन-तीनच तासांची भर पडलेली असेल, तर इंजिन उभे राहून आतून गंजण्याची शक्यता असते. अशा इंजिनाचे कमी तास भुरळ घालतात, पण बोरस्कोपने, म्हणजे आत घालून पाहण्याच्या बारीक दुर्बिणीने, सिलिंडर पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. प्रोपेलर जमिनीला लागल्याची किंवा पंख दुरुस्त केल्याची नोंद सापडली, तर ती लपवू नका, अर्जातच सांगा. नीट दुरुस्त झालेले नुकसान धनको स्वीकारतो. मात्र तेच मागाहून उघड झाले, तर त्याचा आपल्यावरचाच विश्वास उडतो.

प्री-बाय, म्हणजे खरेदीपूर्व, तपासणीचा अभियंता विक्रेत्याचा नेहमीचा नसावा, एवढे पथ्य पाळाच.

निम्बस :

विम्याची बाजू मी सांभाळतो, म्हणून तेवढेच लिहितो. कर्जाच्या अर्जाआधी विम्याचा लेखी दर मागवा, कारण पुरेसा विमा असल्याशिवाय कोणताही धनको रक्कम सोडत नाही आणि विम्याचा हप्ता वैमानिकाच्या तासांवर ठरतो. १९० तासांच्या वैमानिकाला स्थिर चाकांचे १७२ विनासायास बसते. तेवढ्याच तासांवर मागे घेता येणाऱ्या चाकांचे विमान निवडले असते, तर प्रशिक्षकासोबत ठरावीक तास पूर्ण करण्याची अट आली असती आणि हप्ताही चढला असता.

पॉलिसीत दोन गोष्टी असायला हव्यात. एक, विमान पूर्ण निकामी झाल्यास भरपाईवर पहिला हक्क धनकोचा राहील, अशी नोंद. दुसरी, वैमानिकाकडून एखादी अट मोडली गेल्यामुळे, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत संपलेली असताना उड्डाण केल्यामुळे, आपला दावा फेटाळला गेला तरी धनकोचे देणे भागेल, असे कलम. हे कलम धनकोचे रक्षण करते, आपले नव्हे; अशा प्रसंगी विमा कंपनी धनकोला दिलेली रक्कम आपल्याकडून वसूल करू शकते. हे अनेकांना करारावर सही केल्यानंतर कळते. विमा आधीच ठरवून घेतलेल्या मूल्याचा घ्या आणि ते मूल्य शिल्लक कर्जापेक्षा कधीही कमी राहू देऊ नका.

चौथे आसन :

तिघांचेही मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. विक्रेत्याने स्वतः हे विमान कर्जावर घेतले होते असे बोलण्यात आले. ते फिटले असल्याचे तो सांगतो. याची खातरजमा कशी करावी आणि पैसे कोणत्या क्रमाने द्यावेत? दुसरे म्हणजे, मी घेतल्यावर हे विमान काही तास क्लबला भाड्याने द्यावे म्हणजे हप्ता हलका होईल, असा एका मित्राचा सल्ला आहे. तो कर्जाच्या दृष्टीने योग्य आहे का?

ताळेबंद :

पहिल्या शंकेचे उत्तर नोंदणी कार्यालयात आहे. १९४४ च्या शिकागो करारानुसार एका विमानाची वैध नोंदणी एका वेळी एकाच देशात असू शकते, त्यामुळे शोध कुठे घ्यायचा याबद्दल संदिग्धता राहत नाही. विमानांवरच्या बोजांसाठी २००१ च्या केप टाऊन करारातून एक आंतरराष्ट्रीय नोंदवहीही उभी राहिली आहे, पण कर्मचाऱ्यांसह किमान आठ माणसे किंवा २७५० किलोपेक्षा जास्त माल नेण्यासाठी प्रमाणित असलेली विमानेच तिच्या कक्षेत येतात. आपले चार आसनी विमान त्यात बसत नाही, म्हणून त्या नोंदवहीत काही सापडले नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ज्या देशाची नोंदणीची अक्षरे विमानाच्या अंगावर आहेत, तिथल्या नोंदीच पाहा. कर्ज फिटलेले असते आणि बोजा मात्र उतरवलेला नसतो, असे फार वेळा घडते. आधीच्या धनकोचे बोजामुक्तीचे मूळ पत्र विक्रेत्याने आणून ती नोंद रद्द करून घेईपर्यंत नवा धनको पहिल्या क्रमांकाचा हक्क मानणार नाही. विमानाचा शोध घेताना इंजिनाच्या अनुक्रमांकावरही शोध घ्या. ओव्हरहॉलचे बिल थकवल्यामुळे कार्यशाळेने हक्क सांगितलेले इंजिन मी पाहिलेले आहे.

पैसे थेट विक्रेत्याच्या हाती देऊ नका. तिऱ्हाइताच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे अटी पूर्ण होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात, आपले डाउन पेमेंट आणि धनकोची रक्कम जमा होते. सही केलेले विक्रीपत्र, नोंदणी बदलाचा अर्ज आणि बोजामुक्तीचे पत्रही त्याच्याकडेच येते. शोध त्या दिवशी पुन्हा घेतला जातो, कारण आठवड्यापूर्वीच्या शोधानंतरही नवा बोजा चढू शकतो. आणि सगळे जुळल्यावरच जुन्या धनकोची बाकी असल्यास आधी ती, मग विक्रेत्याची रक्कम सोडली जाते. त्यापूर्वी द्यावी लागणारी अनामत परत मिळण्याच्या अटी, विशेषतः प्री-बाय तपासणीत दोष निघाल्यास आणि कर्ज नामंजूर झाल्यास, एका कागदावर लिहून घ्या.

क्लबला भाड्याने देण्याचा विचार असेल, तर तो आजच अर्जात लिहा. खासगी वापरासाठीचे कर्ज आणि भाड्याच्या विमानाचे कर्ज यांचे दर, मुदत, विमा आणि देखभालीचे नियमही वेगवेगळे असतात, आणि न सांगता भाड्याने दिल्यास कराराचा भंग होऊन सगळे कर्ज एकदम मागण्याचा अधिकार धनकोला मिळतो. शिवाय क्लबच्या हाती वर्षाला ३०० तास गेले, तर आपले उरलेले ७५० तास अडीच वर्षांतच संपतील. भाडे आणि ओव्हरहॉलचा खर्च शेजारी मांडून आधी पाहा. माझ्या हिशेबाने या विमानाला ते परवडणार नाही.

चौथे आसन :

भाड्याचा विचार सोडला आहे. शनिवारी लॉगबुके वाचायला जातो आहे, आणि विक्रेत्याला बोजामुक्तीचे मूळ पत्र त्याच दिवशी सोबत ठेवायला सांगितले आहे. वाचून झाल्यावर सेस्नाचे तास आणि ओव्हरहॉलची तारीख इथे लिहीन.