ऑपेराचा इतिहास: व्हेनिसवालं पुस्तक घेऊ की फ्रान्सवालं?

सावनी_के: मंडळी, मदत हवीये. इटालियन संगीतकार मॉन्तेवेर्दीचा 'ऑर्फेओ' हा ऑपेरा ऐकल्यापासून दुसरं काही ऐकवतच नाहीये, आता राजवाड्यातलं गाणं थिएटरात कसं आलं ते नीट वाचायचंय. दोन पुस्तकांवर अडलेय, एलन रोझँडचं सतराव्या शतकातल्या व्हेनिसच्या ऑपेरावरचं आणि रॉबर्ट इशरवुडचं फ्रान्सच्या दरबारी संगीतावरचं 'म्युझिक इन द सर्व्हिस ऑफ द किंग'. दोन्ही महाग, एकच परवडेल. स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) जेमतेम वाचता येतं, शिकलेय हिंदुस्थानी.

रेघोटी: दरबार हवा असेल तर इशरवुड. माणूस इतिहासकार, त्यामुळे नोटेशनवाचून अडत नाही. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने १६७२ मध्ये ऑपेराचा परवाना दरबारी संगीतकार ल्युलीला दिला आणि पुढच्याच वर्षी बाकीच्या नाटकमंडळ्यांना दोन गायक नि सहा वादकांवर आणून ठेवलं, नाटककार मोलिएर नुकताच गेलेला आणि त्याच्या मंडळींवर हे येऊन पडलं. आपल्या नांदीत देवाचं स्तवन असतं ना, ल्युलीच्या ऑपेरांच्या प्रोलॉगमध्ये (सुरुवातीच्या प्रवेशात) त्या जागी लुई.

तारषड्ज: मी रोझँडच म्हणेन. १६०७ ला इटलीतल्या मांतुआत गोंझागा या तिथल्या राजघराण्याच्या वाड्यात निवडक लोकांपुढे 'ऑर्फेओ', १६३७ ला व्हेनिसमध्ये सान कास्सियानो थिएटर तिकीट लावून उघडलं, आणि १६४३ ला त्याच शहरात म्हाताऱ्या मॉन्तेवेर्दीचा 'पोपेआ', त्यात गायिका आन्ना रेन्झी. पैसे राजाऐवजी प्रेक्षक द्यायला लागला की गायिकेचं वजन कसं वाढतं हे रोझँड फार सुंदर उलगडते. नोटेशनची उदाहरणं भरपूर आहेत पण ती सोडून वाचलीस तरी मुद्दा हातातून सुटत नाही. आणि हे पुस्तक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रेसने नेटवर फुकट वाचायला ठेवलंय, तेव्हा पैसे इशरवुडवर घाल!

जुनी_पानं: सावनी, तुझा जीव अडकलाय 'ऑर्फेओ'त आणि या दोन्हींत मांतुआ मुख्य नाही. त्यासाठी टिम कार्टरचं 'मॉन्तेवेर्दीज म्युझिकल थिएटर' लायब्ररीत मिळतंय का बघ. त्याआधी आयएमएसएलपी या जुन्या स्वरलिपींच्या फुकट वेबसाइटवर 'ऑर्फेओ'ची जुनी छापील प्रत उघड, त्यातलं 'पोस्सेन्ते स्पिर्तो' हे गाणं काढ. गाण्याच्या दोन ओळी एकाखाली एक छापल्यात, एक साधी, दुसरी तानांनी भरलेली. हिंदुस्थानी शिकलेल्या माणसाला ते पान समजावून सांगावं लागत नाही.

सावनी_के: बघितलं आत्ता. बंदिश आणि तिच्यावरची फिरत, दोन्ही समोर!! तारषड्ज, रोझँडची पण लिंक सापडली, आज रात्री सुरू करते आणि इशरवुड मागवते. कार्टरसाठी शनिवारी लायब्ररीत जाते.