जावाएफएक्स अ‍ॅप विंडोज, लिनक्स, मॅकसाठी: नेटिव्ह लायब्रऱ्या बिल्डमध्ये कशा सांभाळाव्यात?

बिल्डबिघाड
मंडळी, सल्ला हवाय. जावाएफएक्स २१ वरचं डेस्कटॉप अ‍ॅप, बिल्ड मॅव्हनने. डेटाबेससाठी एसक्यूलाइट-जेडीबीसी, आणि वजनकाट्याशी बोलायला सी++ मधली आमचीच छोटी लायब्ररी, जेएनआयने (जावातून नेटिव्ह कोड बोलावायची सोय) जोडलेली. डेव्हलपरांकडे एम२ मॅक, सीआय (आपोआप बिल्ड करणारा सर्व्हर) उबुंटू २२.०४ वर. अ‍ॅप चालायचं आहे विंडोज १०, उबुंटू २०.०४ आणि इंटेल व एम सिरीज दोन्ही मॅकवर.

शेड प्लगिनने एकच फॅट जार (सगळ्या लायब्ररी पोटात घेतलेली जार फाइल) बनते. मॅकवर बनवलेली जार विंडोजवर 'नो टूलकिट फाउंड' म्हणून मरते. सीआयवर बनवलेली उबुंटू २०.०४ वर उघडते, पण काट्याची लायब्ररी लोड होताना 'जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड' येतं. एकच जार सगळीकडे चालवायची काही युक्ती?

जुनाकर्नल
एका जारचा हट्ट सोडा. जावाएफएक्सच्या इंटेल मॅक आणि एम सिरीज मॅक या दोन्ही जारमध्ये लिबग्लास.डायलिब याच नावाची नेटिव्ह लायब्ररी फाइल मुळाशीच असते. शेड केलं की एक दुसरीला गिळते आणि दोघांपैकी एका मॅकवर अ‍ॅप उघडतच नाही. म्हणजे चार जार.

तुमचा पहिला एरर का येतो: जावाएफएक्सचं पॅरेंट पॉम बिल्ड करणारं मशीन बघून क्लासिफायर (कोणत्या ओएसची जार घ्यायची ती खूण) ठरवतं. माल कुठे जाणार आहे हे त्याला माहीतच नसतं. स्वतःच्या पॉममध्ये नुसता विन क्लासिफायर लिहिलात तरी ट्रान्झिटिव्ह वाटेने (डिपेंडन्सीच्या डिपेंडन्सीतून) मॅकची जार येऊन बसते. त्यामुळे कमांड लाइनवरच वजा डी लावून जावाएफएक्स.प्लॅटफॉर्म ही प्रॉपर्टी द्या. तुम्हाला लागतील त्या किंमती चार: विन, लिनक्स, मॅक, मॅक-एआर्च६४. मग डिपेंडन्सी ट्री काढून बघा, नको तो क्लासिफायर दिसता कामा नये.

स्पेलिंगं मात्र जपून. त्याच एम सिरीजच्या एआरएम चिपला जावाएफएक्स एआर्च६४ म्हणतं, नेटी ही नेटवर्क लायब्ररी मध्ये अंडरस्कोर घालून एआर्च_६४, आणि एलडब्ल्यूजेजीएल ही ग्राफिक्स लायब्ररी एआरएम६४. एक व्हेरिएबल सगळीकडे चिकटवलं की घोळ झालाच.

सिंबॉलशोधक
दुसऱ्या एररबद्दल. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. तुमच्या कोडमध्ये नवीन काही नसेलही. २.३४ पासून पीथ्रेड वेगळी लायब्ररी न राहता लिबसीमध्येच आली, त्यामुळे साध्या पीथ्रेड_क्रिएटलाही २.३४ चा शिक्का बसतो. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही, उलटं चालतं.

तेव्हा फक्त ती सी++ लायब्ररी मॅनीलिनक्स_२_२८ च्या कंटेनरमध्ये बांधा. तो कंटेनर पायथनवाल्यांसाठी असला तरी आतला कंपायलर कोणालाही चालतो. अल्मालिनक्स ८ वर असल्याने जीलिबसी २.२८, म्हणजे २०.०४ ला पुरेसं. लिबजीसीसी आणि सी++ ची स्टँडर्ड लायब्ररी स्टॅटिक लिंक करा. जीलिबसी मात्र स्टॅटिक करायला जाऊ नका.

सीआयमध्ये तपासणी: ऑब्जडम्प, मोठा टी, त्यातून जीलिबसी_ च्या ओळी गाळून सर्वांत मोठा आकडा काढा. तो २.३१ च्या वर गेला तर बिल्ड पाडा.

विंडोजवर 'कान्ट फाइंड डिपेंडंट लायब्ररीज' आलं, तर एररमध्ये नाव तुमच्या डीएलएलचं असतं, पण गायब असते दुसरीच. बहुतेक वेळा व्हीसीरनटाइम१४०. डम्पबिनला डिपेंडंट्स विचारा. एमटी फ्लॅगने कंपाइल केलं की ही कटकटच मिटते.

बिल्डबिघाड
दोन्ही जमलं, आभार! मॅकची डायलिब एकच ठेवता येईल का? आणि लायब्ररी जारमधून टेम्पमध्ये काढून लोड करतो, ते ठीक आहे ना?

जुनाकर्नल
तुमची स्वतःची डायलिब एक चालेल. दोन्ही आर्किटेक्चरसाठी बांधा आणि लायपो या टूलने जोडा. रोझेटाखाली (इंटेलचे प्रोग्राम एम सिरीजवर चालवणारा अनुवादक) इंटेलचं जेडीके चालत असेल तर एम२ वरही इंटेलचाच भाग लागतो. लायब्ररी जेव्हीएमशी जुळावी लागते, मशीनशी नव्हे.

टेम्पचं मात्र बदला. काही लिनक्स सर्व्हरवर आणि कडक केलेल्या डेस्कटॉपवर टेम्प नोएक्झेक (तिथली फाइल चालवायला बंदी) माउंट असतं. तिथे फाइल लिहिली जाते, पण लोड करताना 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं. विंडोजवर लोड झालेली डीएलएल जेव्हीएमला पुसता येत नाही, म्हणून डिलीटऑनएक्झिट लावूनही दर वेळी एक प्रत साचते. यूजरच्या फोल्डरमध्ये आवृत्ती आणि हॅश मिळून एक डिरेक्टरी करा. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, मग अ‍ॅटॉमिक मूव्ह. नाहीतर अ‍ॅप दोनदा एकदम उघडलं, की दुसरं अर्धवट लिहिलेली फाइल लोड करायला जातं. एसक्यूलाइट-जेडीबीसीही हेच उद्योग करते. तिला ऑर्ग.एसक्यूलाइट.टीएमपीडिर ने तीच जागा दाखवा.

सिंबॉलशोधक
मॅकसाठी नोटरायझेशन (अ‍ॅपलकडून अ‍ॅपची तपासणी) करणार असाल तर अ‍ॅपलची सेवा जारच्या आतसुद्धा डोकावते. एसक्यूलाइट-जेडीबीसीच्या जारमधल्या मॅकच्या डायलिब तुमच्या डेव्हलपर आयडीने सही केलेल्या नसतात, त्यावरच अडतं. त्या बाहेर काढा, कोडसाइनला टाइमस्टॅम्प आणि रनटाइम पर्याय देऊन सही करा, आणि जार यूएफने परत घाला. इन्स्टॉल_नेम_टूल चालवायचं असेल तर सहीच्या आधी, कारण नंतर चालवलं की सही बाद होते. आणि जावाचं जेपॅकेज दुसऱ्या ओएससाठी इन्स्टॉलर बनवत नाही, त्यामुळे सीआयमध्ये विंडोज आणि मॅकचे रनर लागतीलच. विंडोजच्या रनरवर विक्स (जेपॅकेजला विंडोजचा इन्स्टॉलर बनवायला लागणारं टूल) आहे ना, ते आधी बघा.